घर रिकामे करताना: निवृत्तीनंतर आलेला पुनर्विकास

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तिसरा मजला

आमची कोथरूडमधील इमारत १९८५ मध्ये उभी राहिली आणि १९८६ च्या गुढीपाडव्याला आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. एकूण १६ फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि खाली आठ-दहा स्कूटर मावतील एवढीच जागा. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नवे नियम, आल्यापासून पुण्यात जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याला जो वेग आला, तो आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायला चार वर्षे लागली. आता करारनामा नोंदवून झाला आहे, आणि दिवाळी झाली की तीन महिन्यांत घर रिकामे करून किल्ल्या द्यायच्या आहेत. काम ३६ महिन्यांत पूर्ण होईल असे करारात म्हटले आहे. मी ६९ वर्षांचा आहे आणि पत्नी ६७ वर्षांची. त्यामुळे '३६ महिने' हे शब्द आम्ही ज्या स्वरात वाचतो, त्या स्वरात ते आमच्या खालच्या मजल्यावरचे पस्तिशीतले जोडपे वाचत नाही.

भेटेल तो माणूस 'किती जागा वाढवून मिळणार' एवढेच विचारतो. उत्तर आहे १७० चौरस फूट, आणि ते ऐकून सगळे आमचे अभिनंदन करतात. मला मात्र दुसऱ्याच गोष्टी सुचत राहतात, त्या इथे मांडतो.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. सांगली, नांदेड, पुन्हा पुणे, मग जळगाव अशा बदल्या झाल्या; दोन्ही मुलांच्या शाळेसाठी आणि पत्नीच्या शिक्षिकेच्या नोकरीसाठी बिऱ्हाड पुण्यातच ठेवले. म्हणजे सदतीस वर्षांच्या नोकरीत हे घर मला ठाऊक होते ते रात्रीचे, रविवारचे आणि सणांचे. २०१६ मध्ये निवृत्त झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले, की मंगळवारी सकाळी ११ वाजता आपले घर कसे दिसते हे आपण कधी पाहिलेलेच नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या सुमारास एक हातभर ऊन येते आणि पाऊण तासाने जाते. मागच्या इमारतीतल्या एका घरात दुपारी दोनला रेडिओ लागतो. रात्री उठावे लागले तर पलंगापासून न्हाणीघराच्या बटणापर्यंत नऊ पावले आहेत, आणि ती मी दिवा न लावता जातो. हे सारे मी गेल्या नऊ वर्षांत शिकलो, आणि जे शिकून नुकते कुठे पाठ झाले आहे तेच आता पाडले जाणार आहे.

सामानाची गोष्ट याहून अवघड निघाली आहे. स्वयंपाकघरावरचा माळा आम्ही गणपतीनंतर उपसायला घेतला. त्यावर आमच्या लग्नातली, म्हणजे १९८१ सालची स्टीलची भांडी आहेत, काही आईच्या संसारातली पितळेची आहेत, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे जवळजवळ प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. मी स्टुलावर उभा राहून एकेक भांडे खाली देतो, पत्नी त्यावरचे नाव मोठ्याने वाचते, आणि मग त्या माणसाविषयी आमचे बोलणे सुरू होते. 'मामांकडून' एवढेच कोरलेल्या एका तांब्यावर आमची अर्धी दुपार गेली, कारण मामा तिचे की माझे हेच ठरेना. अशा गतीने एका दिवसात जेमतेम एक पिंप रिकामे होते. मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणतो, 'बाबा, मोडीत द्या ना, भांडीच तर आहेत.' त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही.

माझे प्रश्न साधे आहेत. उतारवयात ज्यांनी पुनर्विकासासाठी किंवा अन्य कारणाने घर सोडले, त्यांनी मधल्या काळात कुठे राहणे पसंत केले? सामानातले काय ठेवले आणि काय दिले? आणि करारात न लिहिलेल्या कोणत्या गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरे झाले असते, असे आज वाटते?

---

जमाखर्च

शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझी उमेदीची वर्षे हिशेब तपासण्यात गेली आणि आमच्या सोसायटीचा पुनर्विकास मी समितीत बसून पाहिला. भावनेचा भाग इतर लिहितीलच.

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा जो शासन निर्णय आहे, त्यात प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, निविदा, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर होणारी विशेष सर्वसाधारण सभा आणि तिचे चित्रीकरण असा सगळा क्रम दिलेला आहे. तुमच्याकडे हे होऊन गेले असे मी धरून चालतो. पण हा क्रम सोसायटीचे रक्षण करतो. घरातल्या दोन वृद्ध माणसांची काळजी त्यांची त्यांनाच घ्यावी लागते. फ्लॅट एकाच्याच नावावर असेल तर करारात दोघांची नावे यावीत यासाठी वकिलाशी आताच बोला. नामनिर्देशन केले म्हणजे काम संपले, असा आपल्या पिढीचा फार मोठा गैरसमज आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर नामनिर्देशित व्यक्तीला सोसायटी तात्पुरती सभासद करून घेते, मालकी कायदेशीर वारसांकडेच जाते. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करावे, आणि त्यात 'अमुक सर्व्हे नंबरवरील जुना फ्लॅट' एवढेच न लिहिता 'त्याच्या बदल्यात मिळणारी नवी सदनिका व त्या संबंधातील सर्व हक्क' असे शब्द वकिलाकडून घालून घ्यावेत. मधल्या काळात आपण गेलो तर जुना फ्लॅट अस्तित्वात नसतो आणि नवा अजून झालेला नसतो. हे वाचायला कठोर वाटेल, पण आमच्या ३२ घरांत तीन वर्षांत अशा दोन वेळा आल्या.

विकसकाकडून मिळणाऱ्या भाड्याविषयी पुष्कळांना धास्ती असते, की ते पेन्शनमध्ये मिळवून कर भरावा लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये असे संक्रमण भाडे हे करपात्र उत्पन्न नसल्याचे म्हटले आहे. तरी विवरणपत्र भरणाऱ्याला करारनाम्याची प्रत द्या. भाडे अकरा महिन्यांचे एकदम आगाऊ मिळत असेल तर ते वेगळ्या खात्यात ठेवा, कारण वाढीव भाड्याच्या वेळी घरमालक थांबत नाही आणि विकसकाचा धनादेश मात्र थांबू शकतो.

आणखी एक. पेन्शनची बँक, गॅस, शिधापत्रिका, मतदारयादी, विमा या सगळ्यांचे पत्ते तीन वर्षांसाठी बदलायचे की नाही, हे आधी ठरवा. आम्ही सगळे बदलले आणि पस्तावलो, कारण पुन्हा तेच उलटे करावे लागले. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यासाठी जुन्या शाखेपर्यंत हेलपाटा घालण्याची गरज नाही. मूळ कागदपत्रांची पिशवी मात्र ट्रकमध्ये चढवू नका. ती मांडीवर घेऊन रिक्षाने जा.

---

सदाफुली

मी डोंबिवलीची. आमचे घर २०१८ मध्ये पाडले आणि नवे मिळायला साडेपाच वर्षे लागली. त्यात करोनाची दोन वर्षे होती आणि उरलेली विकसकाच्या अडचणींची. विकसकाचे नाव लिहून आता काही साधणार नाही.

आम्ही मधल्या काळात दोन घरे बदलली. पहिले घर यजमानांनी निवडले, कारण ते मोठे होते, नवे होते आणि भाडे आमच्या हिशेबात बसत होते. ते स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला होते. नकाशावर पाहिले तर अंतर दोन किलोमीटर. पण आमच्या वयात दोन किलोमीटर म्हणजे दुसरे गाव असते, हे तिथे गेल्यावर कळले. रोज संध्याकाळी ते ज्या कट्ट्यावर बसत, तिथली पाच माणसे अठ्ठावीस वर्षांची ओळखीची होती. नव्या ठिकाणी त्यांनी चार-सहा दिवस बागेत फेऱ्या मारल्या आणि मग बाहेर पडणेच सोडले. मी शिकवण्या घेत होते, त्यामुळे मला माणसे मिळाली. त्यांना मिळाली नाहीत. अकरा महिन्यांनी आम्ही हट्टाने जुन्या गल्लीतच दीड खोलीचे अंधारे घर घेतले. अर्धे सामान बहिणीच्या घरी रचून ठेवले, पण वाणी तोच, डॉक्टर तेच, कट्टाही तोच. त्यांची तब्येत पुन्हा माणसात आली ती त्या अंधाऱ्या खोलीत.

२०२१ मध्ये ते त्याच भाड्याच्या घरात गेले. घरमालकांनी फार समजूतदारपणे सगळे निभावले, दिवस होईपर्यंत भाड्याचा शब्द काढला नाही. तरी परक्या घराच्या भिंतीवर फोटो लावायला खिळा ठोकू का, हे मला विचारावे लागले. ते विचारताना काय झाले, ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

आता मी नव्या घरात राहते. घर चांगले आहे, हवेशीर आहे, मुलांनी हौसेने सजवून दिले आहे. पण इथे त्यांची म्हणून एकही जागा नाही. जुन्या घरात खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती, इथे तीच खुर्ची आहे पण ते या खिडकीत कधी बसले नाहीत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे, की घर लहान घ्या, जुने घ्या, पण त्याच गल्लीत घ्या.

---

गिरगावकर

सदाफुलीताईंचे वाचून थोडा वेळ थांबलो आणि मग लिहायला घेतले. जे लिहितो आहे ते त्यांना उद्देशून नाही, धागाकर्त्यांना उद्देशून आहे, आणि त्यात थोडा मतभेद आहे.

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला चार संडास आणि वीस बिऱ्हाडे. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागू असलेली, सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि पागडीची. ती धोकादायक ठरल्यावर वडील निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना आम्ही उपनगरातल्या संक्रमण शिबिरात गेलो. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलो आणि १४ वर्षे राहिलो. वडिलांची संपूर्ण निवृत्ती त्या शिबिरात गेली. माझ्या ओळखीत याहून जास्त काळ तिथे काढलेले लोक आहेत. त्यामुळे ३६ महिने, हाती करारनामा, दरमहा भाडे आणि वर १७० फूट, एवढे ज्याला मिळाले आहे त्याने आधी देवापुढे साखर ठेवावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चाळीविषयी हळवे लिहिण्याची आपल्याकडे प्रथा पडून गेली आहे. गॅलरीतल्या गप्पा, गणपती, एका घरची आमटी दुसऱ्या घरी, हे सारे खरे होते आणि मी ते भोगलेले आहे. पण गुडघे धरलेली आई रात्री दोन वाजता बादली घेऊन मजल्याच्या टोकाला जात होती, हेही खरे होते. नियमानुसार आम्हाला ३०० चौरस फुटांचे घर मिळाले. ते मिळाल्यावर आईने पहिल्या दिवशी काय केले असेल, तर संडासाचे दार तीन वेळा उघडून बंद करून पाहिले. 'आपल्या घरात आहे,' एवढेच म्हणाली. तिने चाळीची आठवण काढली नाही असे नाही. शेजारचे दार दिवसभर बंद असते याचे तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिले, आणि आपले दार ती जेवणाच्या वेळेपर्यंत उघडेच ठेवी. मी चिडलो तरी ठेवी. पण परत जाशील का, असे विचारले की हसायची.

धागाकर्त्यांनी ओट्यावरच्या उन्हाबद्दल फार सुंदर लिहिले आहे. त्यांना एक विचारतो, राग मानू नये. तिसऱ्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर, भाजीची पिशवी आणि दळण इतकी वर्षे कोणी चढवले?

---

ओटीवरून

'अशा वेळी गावी जाऊन राहावे' असा सल्ला इथे कोणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी मुंबईची नोकरी संपवून राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी आलो त्याला आठ वर्षे झाली. मी सुखी आहे. पण निवृत्त माणसाला विसावा मिळावा म्हणून चिऱ्याचे घर बांधलेले नसते, त्या घराला रोज माणूस लागतो. एप्रिल-मे महिन्यांत कौले चाळून फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली का पाहायचे, पडवीला झापे बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आगोटीचे सामान भरायचे. कौले चाळणारा माणूस आता मिळत नाही. मिळालाच तर तो साठीच्या पुढचा असतो आणि तो छपरावर असेपर्यंत मी खाली जीव मुठीत धरून उभा असतो. शिवाय माकडे त्याच कौलांवर नाचून जातात आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस वीज नसते. माझ्या पत्नीच्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी आम्ही रत्नागिरीला जातो, आणि त्या दिवशी दुसरे काही होत नाही.

गणपतीत घरात २६ माणसे होती. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे उरलो, तेव्हा पत्नीने सवयीने भाताचे मोठे पातेले चुलीवर ठेवले होते.

तीन वर्षांसाठी गावी येऊन राहायचे असेल तर आधी एक पावसाळा राहून पाहा. मे महिन्यात येऊन निर्णय घेऊ नका, मे महिन्यात कोकण सगळ्यांनाच आवडते.

---

दूरदेशी

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आईबाबांनी सहकारनगरमधले घर रिकामे केले तेव्हा मी अमेरिकेत न्यू जर्सीला होते, आणि प्रत्येक वस्तू मला व्हिडिओ कॉलवर दाखवली जात होती. त्यांची रात्र म्हणजे माझी कामाची सकाळ. एका डोळ्याने मीटिंग आणि दुसऱ्या डोळ्याने आई फोनसमोर धरते आहे ती मोरवातीची समई, पुरणयंत्र, माझी चौथीची वही. मी 'नको, देऊन टाका' असे म्हणत गेले, कारण ते सगळ्यांत लवकर उरकणारे उत्तर होते. धागाकर्त्यांच्या मुलानेही बहुधा तेच केले असावे. त्याला वस्तू नको आहेत असा अर्थ लगेच काढू नका. त्याला त्या क्षणी वेळ नाही एवढेच कदाचित खरे असेल.

नंतर मला आठवली ती विळी. आजीची, लाकडी पाटाची, पुढे खवणी असलेली. ती तोवर मोडीत गेली नव्हती, बाबांनी गोदरेजच्या कपाटामागे ठेवली होती, कारण पाते उघडे ठेवून ती कुणाला द्यायची त्यांना भीती वाटली. मी ती गेल्या वर्षी सामानात घालून घेऊन आले. इथल्या स्वयंपाकघरात जमिनीवर कोणी बसत नाही, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा मी वर्तमानपत्र पसरून खाली बसते आणि नारळ खवते, आणि माझा मुलगा आई आजारी आहे का अशा चेहऱ्याने बघतो.

माझी सूचना अशी, की मुलांना एकेक वस्तू दाखवून विचारू नका. सगळ्याचे फोटो काढून एकदम पाठवा, आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. मुदत संपली की तुम्हाला हवे ते करा आणि आम्हाला कळवूही नका.

---

तिसरा मजला

सर्वांचे आभार. एकेकाला उत्तर देण्याआधी गिरगावकरांच्या प्रश्नाला देतो, कारण तो प्रश्न मी रात्री पत्नीला वाचून दाखवला.

ती हसली आणि म्हणाली, 'पायऱ्या ५४ आहेत, लिहा त्यांना.' सिलिंडर माणूस वर आणून देतो, त्याला वरचे पैसे द्यावे लागतात. दळण आणि भाजी मात्र तिनेच चढवली. मी बदलीच्या गावी होतो. सकाळच्या सत्राची शाळा करून ती एक वाजता परत येई, खांद्याला पिशवी, एका हाताला धाकटी मुलगी. गेली चार वर्षे तिच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे आहे, आणि दिवसातून एकदाच खाली जायचे असे तिने ठरवून घेतले आहे. त्यासाठी ती खालची सगळी कामे मनाशी जमवून ठेवते आणि एका फेरीत उरकते. हे मला माहीत होते. पण मी ते तिच्या गुडघ्याचे दुखणे म्हणून धरले होते, घराचे म्हणून धरले नव्हते. सोसायटीच्या सभेत संमतीसाठी पहिला हात तिने वर केला होता, हे मी वर लिहायला विसरलो, आणि विसरलो म्हणजे काय ते मी समजून आहे. घराविषयी हळवा मी होतो आहे, ती भांड्यांवरची नावे वाचते पण तिला नव्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये माणूस बसवणार आहेत का, याची जास्त चौकशी आहे.

सदाफुलीताई, तुमचे पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचले. बाणेरला मुलीच्या घराजवळ १३ व्या मजल्यावरचा प्रशस्त फ्लॅट आम्ही जवळपास नक्की केला होता. आज सकाळी तिला नको म्हणून कळवले. आमच्याच गल्लीत, दूधवाल्याच्या शेजारच्या बंगल्यात तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. ओल आहे आणि स्वयंपाकघर लहान आहे, पण मालक ओळखीचे आहेत आणि खिळे ठोकायला हरकत नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. मुलगी थोडी नाराज झाली आहे, तिला वाटते आम्ही तिच्याजवळ यायचे टाळतो आहोत. तिला समजावणे हे ओल काढण्यापेक्षा अवघड जाईल.

जमाखर्च, मृत्युपत्रातले शब्द मी वहीत उतरवून घेतले आहेत. फ्लॅट माझ्या एकट्याच्याच नावावर आहे, त्या वेळी बँकेचे कर्ज एकाच्या नावाने घेणे सोपे होते म्हणून. सोमवारी वकिलांकडे जातो.

ओटीवरून, आमच्याकडे गाव उरलेले नाही, त्यामुळे तो मोह आम्हाला नव्हता. पण भाताच्या पातेल्याचे वाचून पत्नी म्हणाली, की मुले शिकायला बाहेर गेली त्या वर्षी तिच्याही कणकेचा अंदाज सहा महिने चुकत होता. हे तिने मला तेव्हा सांगितले नव्हते. मी जळगावला होतो.

आता एक नवा प्रश्न. मराठी विश्वकोशाचे खंड मी १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या खंडापासून एकेक करून जमवले होते, काही तर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून. जवळच्या वाचनालयाला विचारले, त्यांनी नम्रपणे नकार दिला, कारण सगळा विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो आणि त्यांच्याकडे कपाटे नाहीत. रद्दीत घालण्याचा धीर होत नाही. शिवाय आईचा तांब्याचा बंब आहे, चाळीस लिटरच्या आसपासचा. तो कुणाला द्यावा?

---

जमाखर्च

विश्वकोशासाठी तालुक्याच्या ठिकाणच्या शाळेला विचारा, शहरातल्या वाचनालयाला विचारू नका. आमच्या इमारतीतल्या एकांनी भोर भागातल्या एका माध्यमिक शाळेला त्यांचा संच दिला. शाळेने टेम्पोचा खर्चही देऊ केला होता. मात्र खंड पूर्ण नसतील तर तसे आधीच सांगा.

---

गिरगावकर

माझ्या प्रश्नाचा सूर थोडा चढा होता, तो तुम्ही मोठ्या मनाने घेतलात. तळमजल्याच्या दोन खोल्या ऐकून बरे वाटले. वहिनींना नमस्कार सांगा. आणि ओल असेल तर पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, शिबिरात आम्ही १४ वर्षे तसाच ठेवला होता.

---

सदाफुली

बंब मोडीत देऊ नका. पुण्यात तांबट आळीत असे जुने काम समजणारे लोक अजून आहेत, त्यांना एकदा दाखवा. वापरायचा नसला तरी मधली नळी आणि तळाची जाळी जागेवर असेल तर त्याला बंब म्हणून किंमत येते, नाही तर नुसते तांब्याचे वजन धरतात. केळकर संग्रहालयात अशाच रोजच्या वापरातल्या वस्तू मांडलेल्या पाहून माझे यजमान एकदा म्हणाले होते, की आपले अर्धे स्वयंपाकघर इथे आहे आणि आपण मात्र तिकीट काढून आलो.

---

तिसरा मजला

सदाफुलीताई, नळी आणि जाळी दोन्ही जागेवर आहेत, तोटीही पितळेची मूळचीच आहे. तांबट आळीत जाण्यासाठी मी काल बंब घासून पुसून दारात आणून ठेवला होता. पत्नीने तो पाहिला आणि देण्यास साफ नकार दिला. लिफ्टची वाट पाहणारी, माझ्या हळवेपणाला हसणारी आणि आतापर्यंत तीन पिंपे भांडी एका शब्दाने मोडीत काढणारी ती. कारण विचारले तर म्हणाली, नव्या घरात दिवाळीच्या पहाटे तुम्ही गिझर लावणार, मला ठाऊक आहे. गिझर तर आम्ही गेली तीस वर्षे लावतो, हे मी बोललो नाही.

मागच्या अंगणात छपराखाली एक जागा आहे. ती किती रुंद आहे हे पाहायला मी उद्या टेप घेऊन बंगल्यावर जाणार आहे.